सोड म्हणाली की बोल म्हणाली

त्या सकाळी जयंतीने फॉर्मात चारशे तीन माद्या लिहिल्या. खरं बघायला गेलं तर तीनशे अठ्ठ्याण्णव. उरलेल्या पाचांची तिला खात्री नव्हती.

जयंती ही आमच्या तळाशील गावच्या सदू टिकमाची थोरली मुलगी. बाप कांडाळीवाला. कांडाळ म्हणजे पाण्यात भिंतीसारखं उभं लावलेलं जाळं. मासा भोकात डोकं घालतो, कल्ल्यापाशी अडकतो, मग त्याला पुढेही जाता येत नाही आणि मागेही. पोरगी रत्नागिरीला मासळीचंच शिकली, पुढे जपानात जाऊन डॉक्टर झाली, आणि एवढी फिरून पुन्हा कांडाळीपाशीच आली. होक्कायडोच्या पूर्व किनाऱ्याला उरातोमारी म्हणून गाव आहे, तिथल्या संशोधन केंद्रात तिला आता तीन वर्षं झाली. नवरा राजस नागोयाला मोटारींच्या कंपनीत. महिन्यातून दोनदा विमानाने येतो आणि माशाच्या वासाने पहाटेच जागा होतो.

दसऱ्याच्या सुमाराला त्या किनाऱ्याला साके येतो. साके म्हणजे सॅमन मासा; तांदळाच्या दारूलाही तिकडे साकेच म्हणतात. फोनवर ‘यंदा साके कमी’ म्हटलं की इकडे तिचा भाऊ विचारतो, “मगे आता काय पितत थंयचे लोक?”

पण कमी झालाय हे खरं. पाणी तापलं, मासा वर सरकला. तिथे साके धरायचा तो मोठ्या बांधलेल्या जाळ्यांनी, आणि ती जाळी मोठ्यांची. लहान होड्यांना कांडाळीने साके मारायची बंदीच होती. लहान होडीवाल्यांनी वर्षानुवर्षं अर्ज केले, तेव्हा वरच्या सरकारी ऑफिसाने तीन वर्षांची चाचणी म्हणून चौदा होड्यांना परवाना दिला. त्याला अटी. नदीच्या तोंडाशी लोखंडी गजांचा बांध आहे, तिथे अंड्यांसाठी मासा अडवतात. आधीच्या दिवसभरात चारशे माद्या तिथवर पोचल्या असतील तरच सकाळी सातला जाळी टाकायची. दुपारी तीनला सगळी जाळी वर. तीननंतर कोणाही एकाचं जाळं पाण्यात सापडलं तर चौदाही जणांचा परवाना गेला.

माद्या मोजायचं काम जयंतीचं. तिने मोजायचं, फॉर्म भरायचा, मच्छीमार सोसायटीचा सेक्रेटरी ओइकावा त्यावर शिक्का मारणार आणि गावाच्या भोंग्यावरून सांगणार. फॉर्माला चार रकाने: माद्या, पाण्याचं तापमान, उघडण्याची वेळ, बंद होण्याची वेळ. वाऱ्याला रकाना नव्हता.

हे ऐकून तिची आई म्हणाली होती, “मासे मोजूक जपानाक कित्याक जावक व्हया? आमच्या जेटयेर काय मासे कमी आसत?”

आता तिथल्या माणसांच्या बोलण्याविषयी. उरातोमारीत बोलतात ती किनाऱ्याची जपानी. टोकियोच्या माणसाला निम्मी कळत नाही आणि उरलेली निम्मी त्याला गावठी वाटते. जयंतीला मात्र ती वर्गातल्या जपानीपेक्षा लवकर उमगली. बंदरावरची माणसं शब्द कुठे गिळतात हे तिला लहानपणापासून ठाऊक. असलं बोलणं पुस्तकी मराठीत घातलं तर त्यातलं मीठच जाईल, म्हणून ते इथे आमच्या मालवणीत लिहिलं आहे.

त्या दिवसाआधी तेरा दिवस मासेमारी बंद होती. रोज तीनशे वीस, तीनशे पन्नास, एकदा तीनशे नव्वद. कोणी तिला वाईट बोललं नाही. माणसं पूर्वीसारखीच वाकून नमस्कार करत होती, फक्त वाकलेली मान वर यायला थोडा जास्त वेळ लागत होता. सोसायटीच्या चहाच्या खोलीत तिच्यापुढे कप यायचा, पण शेजारची खुर्ची रिकामी राहायची. तोंडावर बोलणारा एकच, म्हातारा कुमागाइ मोरिओ. चौऱ्याहत्तर वर्षांचा, होडीवर एकटा. मोजणी सुरू झाल्यापासून दोन वर्षांत त्याने तिला वीसेक शब्द दिले असतील, आणि तेही टोचणारे. मासा पालथा-उताणा करून ती बघत बसली की मास्तरांना मारतात तशी सेन्सेइ म्हणून हाक मारून बांधावरून म्हणायचा, “सेन्सेइ, तुमच्या देशात माद्यांक मिशयो असतत काय? येवढो येळ कित्याक लागता?”

वेळ लागायचा कारण नदीत नुकत्या शिरलेल्या माशात नर-मादी कळणं कठीण. नराचा जबडा पुढे वाकडा होतो, पण तो नंतर. तोवर पोट दाबून, बोटाने अंदाज घेऊन ठरवायचं. चौदाव्या सकाळी ओइकावा तिच्या मागे येऊन उभा राहिला. दातांतून श्वास आत ओढत राहिला, तिथली माणसं अवघडली की ओढतात तसा. जयंतीने त्या पाच संशयी माशांची पोटं पुन्हा दाबली, आणि माद्यांत धरली.

फॉर्म देताना ती म्हणाली, “लाट लांब पडतेय, ओइकावा-सान.”

नदीच्या तोंडाशी वारा अजिबात नव्हता, पण पाणी सावकाश फुगत होतं आणि सावकाश बसत होतं. असं पाणी तिने घरी वादळाआधी पाहिलं होतं.

“सांजेचो वारो सांजेक येतलो,” ओइकावा म्हणाला. “अंदाज तसोच आसा. तीनाक सगळे घरात.”

सातला भोंगा झाला. चौदाही होड्या गेल्या. एखाद्याने मनात वारा मोजला असेल, पण तेरा दिवसांनी एक दिवस मिळाला आहे आणि उद्या मिळेल की नाही ते ठाऊक नाही, असं असताना मागे कोण राहतो? जयंती धक्क्यावर उभी होती. पाच मासे. तीनशे अठ्ठ्याण्णव लिहिले असते तर हे सगळे आता घरात चहा पीत तिला शिव्या घालत बसले असते.

बारा वाजता वारा फिरला. अंदाजाच्या पाच तास आधी.

सव्वा वाजेपर्यंत होड्या एकामागून एक आत आल्या. जयंतीने त्या मोजल्या. तेरा. पुन्हा दुसऱ्या टोकाकडून मोजल्या. तेराच. कुमागाइची नव्हती.

सोसायटीच्या माडीवर रेडिओ होता. तिथे ओइकावा बसला होता आणि खिडकीपाशी कुमागाइची बायको हात्सुए. जाळी दुरुस्तीच्या शेडमधून ती तशीच आली होती, रबरी एप्रन अंगावर. साडेबाराला कुमागाइ बोलला होता, “जाळा खडकाक लागला. काढतंय आनी येतंय.” दीडला बोलला, “येतंय.” दोनला पुन्हा, “येतंय म्हटलंय मां.” त्यानंतर ओइकावा हाका मारत होता आणि पलीकडून नुसती खरखर.

तटरक्षकांची बोट निघाली होती, पण तिला दीड तास लागणार होता. बंदराच्या तोंडाशी लाटा फुटून सगळं पांढरं झालं होतं. खाली धक्क्यावर दोघा-तिघांनी होडीचे दोर सोडायला घेतले, तेव्हा ओइकावा खिडकीतून ओरडला, “एकान जरी होडी काढल्यान तर माझ्याशी गाठ आसा.” त्यांनी दोर हातातच धरून ठेवले. बांधलेही नाहीत.

“जाळा टाकून कित्याक येणा नाय ह्यो?” ओइकावा पुटपुटला. उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं, त्यालाही. तीननंतर जाळं पाण्यात राहिलं तर चौदा जणांचा परवाना. म्हातारा तेरा जणांसाठी जाळं धरून बसला होता.

ओइकावाने वरच्या ऑफिसाला फोन लावला. तिथला तरुण अधिकारी फार अदबीने बोलला. “परिस्थिती आपण म्हणता तशी असल्यास काळजीची आहे. परंतु मुदतीच्या अटीत सवलतीची तरतूद दिसत नाही. आपण लेखी कळवावे, म्हणजे विचार करता येईल.”

“लेखी,” ओइकावा फोन ठेवून म्हणाला. “त्याच्या बापाशीक लेखी.”

जयंतीने मायक हातात घेतला.

इथे सदू टिकमाची एक गोष्ट सांगायला हवी. एका वर्षी पावसाळी बंदी उठली त्याच दिवशी सगळा गाव दर्यात गेला. तारीख सरकारी, दर्या मात्र तयार नव्हता. सदूने शंभर वाव, म्हणजे सहाशे फूट जाळं पाण्यात सोडलं आणि परत आला. पुढचं वर्षभर घरात पेज. भांडण झालं की बायको आजही काढते, “जाळा सोडून इलो.” सदू मान खाली घालून म्हणतो, “इलंय मां पण.” जयंती हे ऐकत मोठी झाली. त्या घरात जाळं कापत नाहीत, टाकत नाहीत. जाळं सोडतात. त्याहून जड शब्द त्या घरात नाही.

तर तिला म्हणायचं होतं, जाळं सोडा. तिने मनात आपल्या भाषेत जुळवलं आणि जपानीत उलटवलं: ‘अमी ओ हानाशिते कुदासाइ.’ अमी म्हणजे जाळं, हानाशिते म्हणजे सोडा, कुदासाइ ही विनंती. तिथला माणूस असता तर ‘कापा’ म्हणाला असता, नाहीतर ‘टाकून द्या’. हानाशिते तो म्हणाला नसता, कारण त्याच आवाजाचा तिकडे आणखी एक शब्द आहे आणि त्याचा अर्थ होतो ‘बोला’. त्यात घाई झाली. मायकचं बटण दाबायच्या आधीच तोंड सुरू झालं. ‘अमी’ खोलीतच राहिलं. दर्यात गेलं ते एवढंच:

“हानाशिते कुदासाइ, कुमागाइ-सान.”

बोला हो, कुमागाइ-सान.

खरखर. मग म्हाताऱ्याचा आवाज आला. “काय बोलू?”

जयंतीला काही कळेना. सोडा म्हटल्यावर हा विचारतोय काय बोलू. तिने तेच पुन्हा म्हटलं, आणि पुन्हा पहिला शब्द बटणाने खाल्ला.

“सेन्सेइ काय ता?” कुमागाइ म्हणाला. “घाबरलंस?”

“हो,” जयंती म्हणाली. ते मात्र खरंच होतं.

“घाबरलेल्या माणसाक कोणाचो तरी आवाज लागता, ता माका म्हायत आसा. बरा, बोलतंय. हयसर लाट आमच्या घरायेवढी आसा. पण आमचा घर ल्हानच. ओइकावाक सांग, त्याच्या घरायेवढी नाय अजून.”

ओइकावाने तोंडावर हात धरला.

“जाळ्यात धा-बारा साके आसत. एक मादी आसा, मिशी नसलेली. तुका बरी गावली असती मोजूक.” आवाज जाई आणि येई. मधेच काहीतरी आपटल्यासारखं होई, की तो थांबे, आणि पुन्हा सुरू होई. दोन वर्षांत न बोललेलं बोलत होता. पहिल्यांदा दर्यात गेला तेव्हा बापाच्या बुटात ओकला होता. हात्सुएच्या मुळ्याच्या लोणच्यात यंदा मीठ जास्त झालंय, पण हे तिला सांगायची त्याची छाती नाही. “आयकता काय ती थंयसर? आयकूंदे. थंडी वाजता. चायचो थर्मास समोर आसा, पण उजव्या हातात ह्यो तुझो मायक. चाय कशी पितलंय?”

हात्सुए उठली.

ती चालत आली, जयंतीच्या हातातून तिने मायक काढून घेतला, बटण दाबलं आणि थोडं थांबली. मग म्हणाली, “डावो हात खंय आसा तुमचो?”

खाली धक्क्यावर कोणीतरी बादली उचलत होतं, तिच्या कडीचा आवाज वरपर्यंत आला.

“डावो हात खंय आसा, विचारतंय मी.”

“जाळ्यात,” कुमागाइ म्हणाला.

मग ते सगळं बाहेर आलं. जाळं ओढायचं यंत्र, त्याचा रूळ, आणि जाळ्याचा दोर. जाळं खाली खडकात अडकलेलं. दोर फिरवताना एक लाट आली, होडी उचलली, आणि हातमोज्यासकट हात दोर आणि रुळाच्या मधे गेला. यंत्र बंद पडलं. आता प्रत्येक लाटेला होडी वर जायची आणि दोर आणखी आवळायचा. सुरी मागच्या बाजूला, हात पोचत नव्हता. साडेबारापासून तो असाच उभा होता.

“सांगूक काय झाला होता?” हात्सुएचा आवाज चढला नाही.

“सांगितला असता तर ते सगळे होडयो घेवन भायर पडले असते. माका म्हायत नाय काय ते कशे आसत?”

ओइकावाने मायक ओढला. “मोरिओ-सान, इंजिनाचो दांडो हाताक लागता काय?”

“लागता. होडी फुडे घेतली तर दोर ढिलो पडतलो, ता मी एक वाजल्यापासून बघतंय. पण जाळा होडयेखाली जातला, पंख्यात तुटतला. तुटलेला जाळा दर्यात ऱ्हवतला. आता किती वाजले?”

“दोन चाळीस.”

“मगे झाला तर. ईस मिनटात तुटलेला जाळा कोण काढतलो? तुझी आवस?”

जयंतीला आता स्वच्छ दिसलं की हा माणूस वीस मिनिटांसाठी मरणार आहे. आणि ती वीस मिनिटं तिच्या हातच्या फॉर्मातली होती. तिने टेबलावरचा फॉर्म ओढला. बंद होण्याची वेळ: पंधरा. त्या रकान्यात तास होता, तारीख नव्हती. तारखेला जागाच छापलेली नव्हती, कारण कोणाला ती लागेल असं वाटलंच नव्हतं. तिने पंधराच्या आधी ‘उद्या’ लिहिलं. अक्षर लहान मुलाने काढल्यासारखं वेडंवाकडं आलं.

ओइकावाने ते वाचलं. “सेन्सेइ, ह्या तुका करूक येता?”

“करायला येत नाही असं कुठे लिहिलंय?”

“तुझी नोकरी जायत.”

“जाऊ दे.” तिने फॉर्म त्याच्यापुढे सरकवला. “शिक्का मारा.”

ओइकावाने दातांतून श्वास ओढला. मग खण उघडून शिक्का काढला, त्यावर तोंडाची वाफ सोडली आणि तो दाबून उमटवला. उठून त्याने भोंग्याचं बटण चालू केलं आणि सगळ्या गावाला सांगितलं, आजची मासेमारी उद्या दुपारी तीनपर्यंत चालू राहील. धक्क्यावरची माणसं वर बघायला लागली.

जयंतीने रेडिओचं बटण दाबलं. या वेळी मनात तीन मोजले आणि मग बोलली. “कुमागाइ-सान. बंद व्हायची वेळ उद्या तीन. शिक्का मारलाय. जाळं पाण्यात राहिलं तरी चालेल.”

खरखर. मग तो म्हणाला, “खोटा बोलतंस.”

“मी माशांचं खोटं बोलले असेन. हे खरं आहे.”

“ओइकावा?”

“शिक्को माझो आसा,” ओइकावा म्हणाला.

“बरा. मगे ऐका. दांडो फिरवूक उजवो हात व्हयो. मायक ठेवचो लागतलो. आता मी बोलणा नाय.”

खट्.

दोन चव्वेचाळीस. इतका वेळ तो बोलत होता तोवर निदान जिवंत होता. आता काहीच नव्हतं. जाळं पंख्याला गुंडाळलं तर इंजिन बंद, होडी आडवी, आणि आडव्या होडीचं काय होतं ते जयंतीला कोणी शिकवायला नको होतं. ती मोजू लागली, कारण तिला दुसरं काही येत नव्हतं. साठ झाले की बोट दुमडायची. वारा खिडकीच्या काचेला लागून शिट्टी घालत होता. हात्सुए खुर्चीवर परत बसली होती आणि एप्रनवरचा एक खवला नखाने खरवडत होती. तो निघाला तरी तिचं नख तिथेच चालू होतं. पाच बोटं दुमडून झाली. दहा झाली. अकराव्याला बोट उरलं नाही, तर जयंतीने टेबलाची कडा धरली.

बाराव्या मिनिटाला खरखर झाली.

“कापलंय,” कुमागाइ म्हणाला. “दोर कापलंय. होडी चलता.”

“हात?” हात्सुएने विचारलं.

“आसा. बोटांचा मगे बगूया.”

बंदराचं तोंड बंद होतं म्हणून तो उत्तरेच्या टोकामागे, वारा कमी लागतो तिथे, होडी घेऊन गेला. साडेतीननंतर तटरक्षकांच्या बोटीने त्याला तिथून उचलला.

डाव्या हाताची दोन बोटं गेली. वरच्या ऑफिसाचं पत्र आलं. त्यात रागाचा एक शब्द नव्हता, फक्त ‘उद्या’ या शब्दाचा खुलासा मागितला होता, आणि खुलासा येईपर्यंत परवाना स्थगित. जयंतीने खुलासा लिहिला. त्यात पाच माशांचंही लिहिलं. ओइकावा वाचून म्हणाला, “ह्या कोणी विचारूक नव्हता.” ती म्हणाली, “म्हणूनच.” त्याने पत्र तसंच पाठवलं. उत्तर अजून नाही. चौदा होड्या धक्क्याला आहेत, आणि बांधावर ती रोज सकाळी मोजते.

अपघातानंतर चौथ्या दिवशी ती इस्पितळात गेली. कुमागाइ बसला होता, हात बोळ्यासारखा गुंडाळलेला. हात्सुए बाजूला नाशपती सोलत होती.

“एक सांग,” तो म्हणाला. “त्या दिसा माका बोल कित्याक म्हटलंस? सगळे येवा येवा म्हणत होते. तूच एकटी बोल म्हणालंस.”

जयंतीने सांगितलं. मला बोल म्हणायचं नव्हतं. सोड म्हणायचं होतं, जाळं सोड. शब्द चुकला आणि बटणही चुकलं.

म्हाताऱ्याने खिडकीकडे मान वळवली.

“सोड म्हटलं असतंस,” तो म्हणाला, “तर मी रेडिओ बंद केलो असतो. हाताचा कोणाक कळला नसता.”

हात्सुएची सुरी थांबली. मग तिने उरलेलं साल काढलं, फोड केली, आणि पहिली फोड जयंतीपुढे धरली. जयंतीने हात पुढे केला, पण बोटं मिटेनात. फोड खाली पडली.